शब्दचर्चा: ‘सवलत’ की ‘वाजवी सोय’?

प्रश्न: दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ला (दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखं काम करता यावं म्हणून केलेल्या गरजेच्या बदलांना) कार्यालयात सर्रास ‘सवलत’ म्हणतात. चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ही सोय नाकारणं मात्र कायद्याच्या व्याख्येतच भेदभाव ठरतं. मी ‘वाजवी सोय’ लिहितो. त्यातलं ‘वाजवी’ गाळू नका. आस्थापनेवर अवाजवी बोजा पडू नये ही मर्यादा त्याच शब्दात आहे.

अर्जात फरक कसा पडतो बघा. ‘तळमजल्यावर बसण्याची सवलत मिळावी, ही नम्र विनंती’ असं लिहिलं की ‘विचार करू’ म्हणून कागद बाजूला पडतो. त्याऐवजी: ‘मी व्हीलचेअर वापरते. इमारतीला लिफ्ट नाही. कलम २०(२) नुसार तळमजल्यावर बसण्याची वाजवी सोय करून द्यावी. नकार असल्यास कारण लेखी कळवावे.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या.

दुसरं उत्तर: एक भर. कलम २० सरकारी आस्थापनांना लागू आहे. खासगी कंपनीत कलम २१ खालचं ‘समान संधी धोरण’ मागा, ते प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचं असतं.

प्रश्न: प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व ३० टक्केच असेल तर?

उत्तर: ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, वाजवी सोयीसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग (२०२१) या निकालात हे स्पष्ट केलं आहे. ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ (४० टक्के किंवा जास्त) आणि नुसतं ‘दिव्यांगत्व’ यांची सरमिसळ झाली की आस्थापना विभाग अर्ज चुकीच्या कारणाने परत पाठवतो.

प्रश्न: आणि ‘अधिसंख्य पद’?

उत्तर: म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेलं पद. महाराष्ट्रात हा शब्द ऐकला की जातवैधतेची प्रकरणं आठवतात. इथे संदर्भ वेगळा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कलम २०(४) प्रमाणे कामावरून काढता येत नाही, पदावनतीही करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत, जे आधी येईल तोवर, अधिसंख्य पदावर ठेवायचं.

म्हणूनच ‘स्वेच्छानिवृत्ती’ या शब्दाला जपा. अपघातानंतर घरचे घाबरलेले असतात, कुणीतरी तयार अर्ज पुढे करतं आणि सही होऊन जाते. भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य विद्युत मंडळ (२००८) प्रकरणात दृष्टी गेलेल्या कर्मचाऱ्याने असाच निवृत्तीचा अर्ज दिला होता. आपल्याला संरक्षण आहे हे त्याला माहीत नव्हतं. न्यायालयाने त्याची सेवा कायम धरली, पण त्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. तेव्हा आधी दुसऱ्या पदाची मागणी लेखी द्या.

प्रश्न: ‘गाऱ्हाणं’ की ‘तक्रार’?

उत्तर: ‘तक्रार’, आणि ती कलम २३ च्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. नोंदवहीत नोंद झाल्यापासून २ आठवड्यांत चौकशी व्हायला हवी, म्हणून नोंद क्रमांक मागूनच उठा. तिथे काम झालं नाही तर पुढे राज्याचे दिव्यांग आयुक्त देतात ती ‘शिफारस’. ती मान्य नसेल तर कार्यालयाने ३ महिन्यांत कारणं कळवायची असतात. उच्च न्यायालयात गेलात तर हीच तारीखवार कागदपत्रं उपयोगी पडतात.