टॉवेलवर 50 टक्के आणि जाहिरातीच्या पैशावर शून्य, हे कुणी ठरवलं?

माग_आणि_मी
काल ग्रुपाग्रुपात एक पोस्ट फिरली, बऱ्याच जणांनी वाचली असेल. म्हणणं असं, की सोलापूरच्या यंत्रमागवाल्यांनी अमेरिकेच्या टॅरिफच्या, म्हणजे आयात कराच्या, नावानं रडू नये, जग डिजिटल झालंय, मोबाईल उचला, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला थेट विका, ज्याला जमत नाही त्यानं शटर ओढावं. लिहिणाऱ्यानं माग चालताना कधी बघितलाय का माहीत नाही. मला रात्री झोप लागली नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझी शेड आहे, वडलांपासूनची. मुंबईच्या एक्स्पोर्टरमार्फत 4,200 नग टॉवेल अमेरिकेला जायचे होते, 27 बाय 54 इंची. 2025 च्या ऑगस्टच्या 7 तारखेला 25 टक्के टॅरिफ लागलं, 27 तारखेला 50 झालं, आणि पार्टीनं ऑर्डर होल्डवर टाकली. होल्ड म्हणजे रद्दच, धंद्यातल्यांना माहीताय. आता तिकडच्या दुकानाचं लेबल लावलेला माल इथं विकता येत नाही, म्हणून चार बायका दोन आठवडे झालं ब्लेड घेऊन लेबलं उसवत बसल्यात. ब्लेड जरा सरकलं की लूप ओढला जातो, टॉवेलवर रेघ उठते आणि तो नग सेकंड्समध्ये, म्हणजे खराब मालात. शिवायला लागले त्याच्या दुप्पट मजुरी उसवायला चाललीय.

आता थेट विकायचं म्हणता तर तेही ऐका. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला तिकडं ड्युटी माफ होती, ती सवलत 29 ऑगस्टला सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्याआधीच 25 ऑगस्टला आपल्या पोस्टानं अमेरिकेची बहुतेक पार्सलं घ्यायची थांबवली होती, कारण ड्युटी कोण गोळा करणार हेच ठरलं नव्हतं. मग 15 ऑक्टोबरला परत सुरू झालं. मोबाईल उचलून मी काय केलं असतं त्या दीड महिन्यात?

आणि माझी खरी तिडीक पुढं आहे. परदेशी कंपन्यांना ऑनलाइन जाहिरातीचे जे पैसे इथून जातात त्यावर 2016 पासून 6 टक्के लेव्ही, म्हणजे कर, होती. ई-कॉमर्सवाली 2 टक्के 2020 ला आली, 1 ऑगस्ट 2024 ला गेली. 6 टक्केवाली 1 एप्रिल 2025 ला काढून टाकली. अमेरिका खूश व्हावी, बोलणी सोपी जावीत म्हणूनच ना? आणि 2 एप्रिलला त्यांनी टॅरिफ लावायच्या देशांची यादी वाचून दाखवली, त्यात आपण 26 टक्क्यांवर. एका दिवसात! माझा टॉवेल हद्द ओलांडताना पकडला जातो, कारण तो दिसतो. पैसा मोबाईलमधून जातो तो कुणाला दिसत नाही. त्याचे नियम करायला बसतात तिथं आमच्यातला कुणी नसतो.

होटगीरोड_सीए
मालक, मालाचं वाईट वाटलं, पण लेव्हीचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ती कापून भरायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर होती, वर्षाला 1 लाखाच्या वर गेलं की तुमच्याआमच्यावरच. परदेशी कंपन्यांनी सरळ सांगितलं, आम्हाला आमचे पैसे पूर्ण पाहिजेत, तुमचा कर तुम्ही बघा. माझ्या एका क्लायंटनं गणवेशाच्या जाहिराती लावल्या होत्या, 6 टक्के त्याच्याच खिशातून गेले, वर चलन भरायला उशीर झाला म्हणून व्याज. सोलापुरातल्या गणवेशवाल्यानं भरलेल्या कराला तुम्ही परदेशी कंपनीवरचा कर म्हणता?

हा कर काढला ते बरंच झालं. तोडगा निघायचा तर सगळ्या देशांनी मिळून.

माग_आणि_मी
सगळ्या देशांनी मिळून म्हणता, पण ते होणार कधी? ऑक्टोबर 2021 ला 136 देश तयार झाले होते, आपणही होतो. गिऱ्हाईक जिथं आहे त्या देशाला नफ्यातला वाटा आणि किमान 15 टक्के कर, हे दोन खांब. पहिल्या खांबाचा करार तेव्हापासून अडकलाय. दुसऱ्यातून जून 2025 मध्ये जी-7 नं, म्हणजे सात श्रीमंत देशांच्या गटानं, अमेरिकन कंपन्यांना बाजूला ठेवायचं मान्य केलं. मग उरलं काय त्यात? वाट बघत बसलो तोवर हातातली लेव्हीपण सोडून दिली.

होटगीरोड_सीए
कायद्यात दुसरी तरतूद आहे की. इथं ऑफिस नसलं तरी 2 कोटींचा व्यवहार किंवा 3 लाख वापरणारे असले की इथला करदाता धरायचं, 2018 लाच आणली. पण अमेरिकेशी, आयर्लंडशी जे जुने कर-करार आहेत ते आडवे येतात आणि करारच वरचढ ठरतो. दोष करारांचा आहे, एका लेव्हीसाठी छाती पिटून काय होणार?

माग_आणि_मी
म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही कायद्याच्या भाषेत सांगितलंत.

कोडवाला_हिंजवडी
मी विडी घरकुलचा. आई विड्या वळायची, सूप मांडीवर घेऊन, रात्री दिवे गेले तर कंदिलात. बोटं तंबाखूनं पिवळी झालेली अजून डोळ्यासमोर आहेत. त्या घरातून मी इंजिनिअर झालो आणि आज ज्या कंपनीत आहे तिचा सगळा माल, म्हणजे सॉफ्टवेअर, इंटरनेटवरून परदेशी जातो, त्याच्यावर कस्टम्स ड्युटी नाही. 1998 ला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, तसं ठरलं, मग परिषदांमध्ये मुदत वाढत गेली, 2024 ला अबू धाबीत वाढली होती ती जास्तीत जास्त 31 मार्च 2026 पर्यंत. आणि भारत सरकार तिथं या सवलतीच्या विरोधात बोलत आलंय! मालक, तुमच्यासारखे लोक म्हणतात मोबाईलमधून जाणाऱ्यावर कर लावा. उद्या समोरच्यांनी आमच्या कोडवर लावला तर? या देशाची सॉफ्टवेअर आणि सेवांची निर्यात 200 अब्ज डॉलरच्या वर आहे. एका शेडसाठी ते पणाला लावायचं का?

माग_आणि_मी
"एका शेडसाठी"? भाऊ, तुझ्या आईच्या कष्टाला हात जोडतो, पण हे शब्द मागं घे. या गावात घरटी कुणीतरी मागावर, विड्यांवर नाहीतर शिलाईवर आहे. तुला घडवलं ते याच गावानं.

कोडवाला_हिंजवडी
शब्द चुकला, मागं घेतो. मुद्दा घेत नाही.

पार्कचौक_पेठकर
एक सरळ विचारतो. अमेरिकेला टॉवेल जातात त्यातला मोठा हिस्सा बड्या कंपन्यांचा. सोलापूरचा माल जास्त आपल्याच देशात खपतो. मग टॅरिफचा एवढा गवगवा कशाला? बाकीच्यांचंही बघा, 2025 च्या ऑगस्टपासून पाकिस्तानवर 19, तुर्कस्तानवर 15 टक्के, सगळ्यांनाच लागलं.

माग_आणि_मी
19 आणि 50 सारखं आहे का पेठकर? तिकडच्या दुकानदारानं कराचीला फोन लावला की झालं. आणि बड्या कंपन्यांचा अडलेला माल गेला कुठं? आपल्याच बाजारात उतरला. दसऱ्याला माझ्या मालाला जो भाव मिळाला तो गेल्या वर्षीपेक्षा कमी होता आणि व्यापाऱ्यानं तोंडावर सांगितलं, की एक्स्पोर्ट क्वालिटी यापेक्षा स्वस्तात मिळायलीय. अमेरिकेला एक नग न पाठवणाऱ्यालाही टॅरिफ असं लागतं.

पार्कचौक_पेठकर
हे मात्र खरंय. माझ्या दुकानातही तसा माल आलाय, नाही म्हणत नाही.

जुना_साळी_72
मी चाळीस वर्षं जॅकार्डवर चादर विणली. अमेरिका राहू दे, आधी आपल्या नावाचं काय चाललंय ते बघा. पुण्याच्या सुनेनं दिवाळीला म्हणून ऑनलाइन "सोलापुरी चादर" मागवली, 349 रुपयाला. हातात घेतल्याबरोबर कळलं, ही आपली नाही. वजन नाही, कड ढिली, मोर छापलेला. आपल्या चादरीत मोर विणलेला असतो, उलट्या बाजूनं तोच मोर रंग पालटून दिसतो. ही उलटी केली तर कोरी पांढरी! बादलीत टाकली तर पाणी कुंकवासारखं लाल. आमच्या पक्क्या रंगाच्या चादरी लोक वीस वीस वर्षं वापरतात. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा नोंदलेला हक्क, आहे ना? मग हे कसं चालतं? ॲपवाल्याला फोन केला तर म्हणे विक्रेत्याशी बोला. विक्रेत्याचा पत्ता विचारला तर म्हणे सांगता येत नाही.

शेंगाचटणी_ताई
काका, अगदी! चटणीचं हेच चाललंय. "सोलापुरी शेंगा चटणी" लिहिलेली पाकिटं कुठनं कुठनं येतात, उखळात कुटल्याचा तेलकटपणा नाही, मिक्सरचा भुगा नुसता.

माझंपण ऐका. मी घरी करते, महिन्याला चाळीस-पन्नास किलो. आता राज्यातल्या राज्यात ॲपवर विकायला माझ्यासारखीला जीएसटी नोंदणी लागत नाही, ऑक्टोबर 2023 पासून. पण विजापूरला पाठवायची तर लागते, कारण ते कर्नाटक! इथनं शंभर किलोमीटरवर विजापूर, माझी सख्खी बहीण तिथं दिलेली, तिच्या शेजारणी मागायल्यात आणि मी देऊ शकत नाही. गडचिरोलीला पाठवा, चालतं. जागतिक व्यापाराचं तुम्ही बोला, माझा व्यापार तर हद्दीवरच्या टाकळीच्या पुलावर अडकलाय.

होटगीरोड_सीए
ताई, नोंदणी घ्या ना, फुकट आहे.

शेंगाचटणी_ताई
साहेब, नोंदणी फुकट, पण दर महिन्याचं रिटर्न कोण भरणार, तुम्ही फुकट भराल का?

होटगीरोड_सीए
तीन महिन्यातून एकदाही भरता येतं. तुमचं मी भरून देतो, पैसे नकोत.

पार्कचौक_पेठकर
साळी काका, राग धरू नका, पण डुप्लिकेट चादर विकतं कोण? बाहेरचा माल ट्रकनं आपल्याच गावात उतरतो आणि सोलापुरी म्हणून इथनंच बाहेर जातो. ॲपवर "सोलापूरहून पाठवलं" असं खरंच येतं. सगळं परदेशावर आणि ॲपवर ढकलायचं बंद करा.

जुना_साळी_72
तू विकलास का?

पार्कचौक_पेठकर
काका, असं विचारायचं नसतं.

जुना_साळी_72
मी विचारणार. माझे गुडघे त्या मागाखालच्या ओलीत गेले. तुझ्या दुकानात कुठली चादर आहे ते सगळ्यांसमोर सांग.

पार्कचौक_पेठकर
दोन्ही ठेवतो. गिऱ्हाइकाला विचारतो, ओरिजिनल पाहिजे का स्वस्त. दहातले सात स्वस्त घेतात. मी एकट्यानं नाही म्हटलं तर शेजारचा देतो. पोरांची फी भरायची असते मलाही.

वकील_सातरस्ता
दोघंही जरा थांबा. जीआयचा कायदा 1999 चा, 2003 पासून लागू. नाव नोंदलेलं असलं तरी ज्यांच्या नावावर नोंद आहे त्यांनी स्वतः तक्रार करावी लागते, भांडावं लागतं. आपल्याकडं ते कुणी सतत करत नाही हे पेठकरांचं बरोबर. पण ॲपवाल्याची सुटका आयटी कायद्याच्या कलम 79 मुळं होते, "आम्ही मधले, माल दुसऱ्याचा". 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं सक्तीचं आहे, तेव्हा काकांना "सांगता येत नाही" म्हणणं चूकच.

आणि परदेशात तर याहून वाईट. डब्ल्यूटीओच्या ट्रिप्स, म्हणजे बौद्धिक संपदेच्या, करारात कलम 23 नं जादा संरक्षण दिलंय ते फक्त वाइन आणि दारूला. दुसऱ्यानं "शॅम्पेन स्टाइल" एवढं लिहिलं तरी मनाई. चादरीला, तांदळाला, टॉवेलला कलम 22, म्हणजे गिऱ्हाईक फसलं हे तुम्ही सिद्ध करा. भारतासकट बरेच देश 2001 च्या दोहा परिषदेपासून म्हणतायत की हे सगळ्या मालाला लावा, अजून तिथंच आहे. त्यांच्या दारूला जेवढी अब्रू, तेवढी आपल्या चादरीला नाही. हे वाचलं तेव्हा माझं रक्त तापलं होतं, आजही तापतं.

कोडवाला_हिंजवडी
हे माहीत नव्हतं. पण मग डब्ल्यूटीओत केस करा ना, 50 टक्क्यांचीपण करा.

वकील_सातरस्ता
केस कुठं चालवणार भाऊ? अपिलाचं मंडळ डिसेंबर 2019 पासून बंद पडलंय, अमेरिका नवे सदस्यच नेमू देत नाही. हरलेल्यानं अपील टाकलं की निकाल हवेत. त्यांच्याच देशातल्या अपील कोर्टानं 29 ऑगस्ट 2025 ला यातली बरीच टॅरिफ बेकायदा म्हटली, तरी त्यानंतरही वसुली चालूच राहिली.

कोडवाला_हिंजवडी
ठीक. म्हणजे नियम आहेत, पण पाळायला लावणारा नाही. तरीपण ऑनलाइनवर कस्टम्स ड्युटी नको, यावर मी ठाम आहे. नफ्यावर कर घ्या, माल अडवू नका.

माग_आणि_मी
नफ्यावर घ्या, चालेल मला. मी तेच तर मागतोय सकाळपासून. लेव्हीचा भार आपल्याच माणसावर पडत होता हे सीए साहेबांचं मी मान्य करतो, मनाला पटत नसलं तरी.

होटगीरोड_सीए
आणि 1 आणि 2 एप्रिलचं तुमचं मला खोडता येत नाही. सोडायचंच होतं तर बदल्यात काहीतरी लिहून घ्यायला पाहिजे होतं. ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये करारावर सह्या झाल्या, कपड्यावरची 12 टक्क्यांपर्यंतची ड्युटी शून्य करायचं त्यात ठरलंय. तुमच्या एक्स्पोर्टरला तिकडचं गिऱ्हाईक बघायला सांगा.

माग_आणि_मी
बोललोय. तिकडचं माप वेगळं, बीम बदलावं लागतं. बघू.

वकील_सातरस्ता
साळी काका, चादरीचं पाकीट, बिल आणि त्या ॲपवरच्या पानाचा फोटो सुनेला जपून ठेवायला सांगा. धुतलेली चादर टाकू नका. सोमवारी सकाळी कोर्टात जाण्याआधी मी तुमच्या घरी येतो, तक्रार माझ्या हातानं लिहितो.

जुना_साळी_72
या. माझी 1984 ची चादर कपाटात आहे, तीपण शेजारी ठेवतो, फरक बघायला.

पार्कचौक_पेठकर
काका, मीपण येतो. तो माल कुणाकडून उतरतो ते वकिलांना सांगतो, फक्त माझं नाव लिहू नका.

जुना_साळी_72
नाव लिहायचं का नाही ते आल्यावर बोलू. ये.