मदत हवी आहे: पाच क्वाड मारूनही सिल्व्हरच? फिगर स्केटिंगचं मार्किंग कोणी समजावेल का

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, क्रीडा विभागात टाकतेय, चुकीच्या जागी असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझी लेक बारा वर्षांची, चाकांवरचं आर्टिस्टिक स्केटिंग करते (नाशकात बर्फ कुठला, सिमेंटचा रिंक आहे). उड्यांची नावं बर्फावरचीच, साल्काव, लुट्झ, ॲक्सेल वगैरे, त्यामुळे यूट्यूबवर बर्फावरच्या बायकांच्या स्पर्धा बघायचं वेड लागलंय. सध्या बीजिंग २०२२ ऑलिंपिकचे जुने व्हिडिओ चालू आहेत आणि तिने डोक्यात राख घालून घेतलीय. रशियाच्या ट्रुसोव्हाने फ्री स्केटमध्ये (स्पर्धेची दुसरी, लांब फेरी) पाच क्वाड, म्हणजे हवेत चार चार गिरक्यांच्या पाच उड्या मारल्या, ऑलिंपिकमध्ये कुठल्याच बाईने असं केलं नव्हतं, आणि गोल्ड गेलं श्चेरबाकोव्हाला, तिच्या क्वाड फक्त दोन. ट्रुसोव्हा नंतर रडत रडत म्हणते सगळ्यांकडे गोल्ड आहे माझ्याकडेच नाही, हा खेळच नको मला, तो तुकडा तर लेकीला पाठ आहे.

इथवर ठीक होतं हो, पण आता हे घरात आलंय. तिच्या क्लासमधली एक मैत्रीण (आधी जीव की प्राण, आता बोलणं पण तुटक) सोप्या उड्या स्वच्छ मारते आणि नंबर काढते. आमची बाई डबल ॲक्सेलच्या मागे, तीनदा मारली की दोनदा खाली. मागच्या स्पर्धेत पडली, मैत्रीण पुढे गेली, आणि घरी येऊन एकच पालुपद, जजेसना अवघड काय ते कळतच नाही, ट्रुसोव्हाचं पण असंच केलं. सर म्हणतात उडी काढून टाक, ही म्हणते काढणार नाही.

मला स्केटिंगमधलं ओ की ठो कळत नाही. तर (१) ट्रुसोव्हावर खरंच अन्याय झाला का, (२) ही गुणांची भानगड नेमकी चालते कशी, म्हणजे मी हिच्याशी दोन शब्द मुद्द्याचं बोलू शकेन. "खेळात हार जीत चालायचीच" हे सांगून झालंय, कृपया ते नको.

बर्फातली वैदर्भी

ताई, मी मिसिसागात असते, माझी मुलगी इथे क्लबात स्केटिंग करते, पहाटे पाचला रिंकच्या बाकड्यावर कुडकुडत बसून जे शिकले ते सांगते.

आधी ट्रुसोव्हा. तुमच्या लेकीला सांगा की फ्री स्केट ट्रुसोव्हानेच जिंकली होती!! तिला १७७.१३, श्चेरबाकोव्हाला १७५.७५. मेडल मात्र शॉर्ट प्रोग्राम (पहिली, छोटी फेरी) आणि फ्री स्केटची बेरीज करून मिळतं आणि शॉर्टमध्ये श्चेरबाकोव्हा ८०.२०, ट्रुसोव्हा ७४.६०. एकूण २५५.९५ आणि २५१.७३, फरक ४.२२ चा.

आता शॉर्टमध्ये काय झालं ते बघा. बायकांना शॉर्ट प्रोग्राममध्ये क्वाड मारायला बंदी आहे, पुरुषांना चालते. (का, ते मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही.) त्यामुळे ट्रुसोव्हाचं मुख्य हत्यारच तिथे म्यानात. म्हणून तिने ट्रिपल ॲक्सेल टाकली आणि पडली. ट्रिपल ॲक्सेलचे मूळ गुण ८. जजेस प्रत्येक उडीला उणे ५ ते अधिक ५ मधला आकडा देतात, त्यातला एक म्हणजे मूळ गुणांचे दहा टक्के. पडलं की उणे ५, म्हणजे निम्मे गेले, राहिले ४, वर पडल्याचा १ वजा, हातात ३. श्चेरबाकोव्हाने तिथे साधी डबल ॲक्सेल मारली, मूळ गुण ३.३०, स्वच्छ केली म्हणून वर थोडे अजून. म्हणजे ट्रुसोव्हा त्या एका उडीवर नुसती उभी राहिली असती, सुंदर बिंदर काही नाही, तर पाच गुण जास्त मिळाले असते, आणि हरली किती ने, ४.२२ ने. गोल्ड त्या पाच क्वाडमध्ये गेलंच नाही, दोन दिवस आधीच गेलं होतं.

फ्री स्केटमध्ये दोन ढीग असतात. टेक्निकल म्हणजे उड्या, गिरक्या, पायांचं काम. आणि दुसरे कंपोनंट, म्हणजे स्केटिंगचा दर्जा, रचना, सादरीकरण. ट्रुसोव्हाचे टेक्निकल १०६.१६, श्चेरबाकोव्हाचे १००.४९. कंपोनंट ७०.९७ विरुद्ध ७५.२६. भांडायचंच असेल तर या सव्वाचार गुणांवर भांडा, तिथे मतांना जागा आहे. माझं मत विचाराल तर फरक रास्त होता, ट्रुसोव्हा त्या प्रोग्राममध्ये एका उडीकडून दुसऱ्या उडीकडे नुसती धावते, मधे काही घडतच नाही. पण हे माझं मत.

शंकेखोर

गणित छान आहे वैदर्भी, पण गणितात जे आकडे येतात ते माणसंच देतात ना. सोची २०१४ विसरलात का? कोरियाची किम युना शॉर्टनंतर पुढे, ७४.९२, रशियाची सोत्निकोव्हा ७४.६४. फ्री मध्ये किमने एकही चूक केली नाही. सोत्निकोव्हा एका कॉम्बिनेशनच्या (लागोपाठ जोडून मारलेल्या उड्या) शेवटी चक्क अडखळली. तरी सोत्निकोव्हा १४९.९५, किम १४४.१९. मान्य, सोत्निकोव्हाच्या ट्रिपल सात आणि किमच्या सहा, त्यामुळे टेक्निकलमध्ये ती पुढे असणारच होती, पण कंपोनंट बघा, किम ७४.५० आणि सोत्निकोव्हा ७४.४१. एक व्हँकुव्हरची ऑलिंपिक चॅम्पियन, आणि दुसरी जिला त्या सीझनच्या आधी कोणी त्या पंगतीत बसवलंच नव्हतं, दोघींत ०.०९ चा फरक? स्वतःच्या देशात स्पर्धा असली की पाय आपोआप सुंदर पडतात बहुतेक.

आणि पॅनेलवर कोण होतं, तर एक जज रशियन फेडरेशनच्या माजी अध्यक्षांची बायको, दुसरा नागानो १९९८ ला निकाल आधीच ठरवण्याच्या प्रकरणात एक वर्ष निलंबित झालेला. तेव्हा जजिंग निनावी होतं, कुणी कुठले गुण दिले कळायचंच नाही. कोरियाने तक्रार केली ती फेटाळली गेली. निनावी पद्धत शेवटी २०१६ मध्ये काढली. ती आणली कशासाठी होती माहितीये? २००२ ला सॉल्ट लेकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच जजने आपल्यावर दबाव होता असं म्हटल्यावर बोंबाबोंब झाली, दुसऱ्या जोडीलाही गोल्ड द्यावं लागलं, मग सहापैकी गुण द्यायची ६.० ची जुनी पद्धत गेली आणि ही बेरीज-वजाबाकी आली. दबाव येऊ नये म्हणून नावं झाकली. म्हणजे चोर सापडू नये म्हणून दिवेच घालवले.

ताई, तुमच्या मुलीचा संशय अगदीच पोरकट नाहीये.

बर्फातली वैदर्भी

सोचीचं पटतं, तो ०.०९ मलाही आजतागायत गिळलेला नाही. पण ताईंचा प्रश्न बीजिंगचा आणि त्यांच्या लेकीचा आहे, तिथे षड्यंत्र शोधायची गरजच पडत नाही. श्चेरबाकोव्हा आणि ट्रुसोव्हा दोघी रशियाच्या, दोघी एकाच कोचकडच्या, देशाभिमान घुसवणार तरी कुठून?

तिसरी घंटा

बीजिंग म्हटलं की मला रशियाची व्हॅलिएव्हाच आठवते, पंधरा वर्षांची पोर, शॉर्टनंतर पहिली, डोपिंगची बातमी डोक्यावर घेऊन फ्री मध्ये पडत पडत एकूणात चौथी आली. पुढे २०२४ च्या जानेवारीत चार वर्षांची बंदी, रशियाचं टीम स्पर्धेचं गोल्ड अमेरिकेला, आणि त्यांना ते मेडल मिळालं कुठे तर त्या वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसला, उन्हाळी ऑलिंपिक चालू असताना. न्याय अन्याय बोलायचं तर त्या वयाच्या मुलीला तिथवर आणणारे मोठे लोक आधी. आता सिनियरची वयाची अट पंधरावरून सतरा केली आहे, बरं झालं.

अवांतर झालं, क्षमस्व.

गोदाकाठ

बापरे केवढं लिहिलंत, सगळ्यांचे आभार. वैदर्भी, ते ३ आणि ४.२२ चं गणित मी लेकीला दाखवलं, ती दोन मिनिटं गप्प होती, आमच्याकडे हा विक्रम आहे. मग म्हणाली, "म्हणजे शॉर्टमध्ये क्वाड अलाउड असती तर ती जिंकली असती." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण आता तिचा नवा मुद्दा असा, की पडून सुद्धा ३ मिळतात आणि डबल ॲक्सेलला स्वच्छ मारून ३.३०, मग पडलेलं परवडलंच की! आणि म्हणून मी पण मारणार. यावर काय बोलू?

बर्फातली वैदर्भी

हुशार आहे हो पोरगी. तिला कागद पेन घेऊन बसवा.

क्वाड लुट्झचे मूळ गुण ११.५०. पडली तर निम्मे ५.७५, त्यातून १ वजा, ४.७५. त्या जागी ट्रिपल लुट्झ ५.९०, छान केली आणि जजेसनी अधिक २ दिले तर ७.०८. म्हणजे क्वाड तीनातून साधारण एकदा जरी उभी राहिली तरी सरासरीत ती मारणं फायद्याचं. ट्रुसोव्हा वेडी नव्हती, नियमच तसे आहेत.

आता तुमच्या लेकीची पायरी. डबल ॲक्सेल ३.३०. पडली तर १.६५, त्यातून तोच १ वजा, हातात राहिले ०.६५. त्या जागी डबल लुट्झ २.१०, छान केली तर २.५२. इथे हिशोब उलटा फिरतो, दहातून सात वेळा तरी उभी राहिली तरच डबल ॲक्सेल परवडते. कारण पडल्याचा तो १ गुण मोठ्या उडीला मुंगी चावल्यासारखा आणि छोट्या उडीला साप. तुम्ही लिहिलंय तीनातून दोनदा पडते, म्हणजे आत्ता तरी सरांचं बरोबर आहे. सरांना उडी कळत नाही असं नाही, त्यांना बेरीज कळते. (हे बर्फावरच्या सिनियरचे आकडे, चाकांवरचे वेगळे असणार, तुमच्या स्पर्धेचा नियमांचा तक्ता मागून घ्या आणि तेच गणित त्या आकड्यांवर करा.)

अजून एक. पडणं लोकांना दिसतं, पण खरे गुण गिरकी अपुरी राहिली की जातात, आणि ते नुसत्या डोळ्याला कळत नाही. इथे जजेस वेगळे आणि टेक्निकल पॅनेल वेगळं असतं. ते पॅनेल उडी स्लो करून बघतं, पाय बर्फाला टेकला तेव्हा गिरकी किती बाकी होती. नेमकी पाव बाकी असेल तर गुणांच्या शीटवर क्यू (q) ही खूण लागते, मूळ गुण शाबूत पण जजेसनी कमी द्यायचे असतात. पावपेक्षा जास्त असेल तर एक बाण आणि मूळ गुणांचे ८० टक्केच. अर्धी किंवा जास्त बाकी असेल तर दोन बाण, म्हणजे ती उडी एक गिरकी कमीची समजतात. क्वाड लुट्झ दोन बाण आणि वर पडली, तर ट्रिपलचे ५.९०, त्याचे निम्मे, वजा १, शिल्लक १.९५. ११.५० वरून थेट १.९५ वर! म्हणून पडणं परवडतं हे तिचं म्हणणं गिरकी पूर्ण झाली असेल तरच खरं. माझ्या मुलीचं हेच व्हायचं, मस्त उभी राहायची, आम्ही टाळ्या पिटायचो आणि शीटवर बाणच बाण.

लुट्झचं अजून एक खेकटं आहे. ती पायाच्या बाहेरच्या कडेवरून उडायची असते, पण टोच मारायच्या ऐन आधी घोटा आत कलतो आणि ती फ्लिप (आतल्या कडेवरची वेगळी उडी) होऊन बसते. कडा सरळ सरळ चुकली तर तिथेही ८० टक्के. लेकीचा व्हिडिओ मागून काढा, गुडघ्याच्या उंचीवरून, समोरून नको. उडायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात स्केटचं चाक कुठल्या बाजूला झुकतंय ते बघा.

शंकेखोर

हे सगळं खरं, फक्त ते पॅनेल बऱ्याचदा एकाच कॅमेऱ्यातून बघतं हे पण सांगा. उडी त्या कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला पडली यावर बाण लागतो की नाही ते ठरतं, अशी ओरड दर सीझनला असते. आणि जज आपल्याच देशाच्या मुलीला गुण देऊ शकतो, सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे गुण उडवून सरासरी काढतात म्हणून थोडं झाकलं जातं एवढंच.

तरी ताई, एक माझ्याकडून लेकीला. जपानची काओरी साकामोतो. बीजिंगमध्ये तिच्याकडे ना क्वाड ना ट्रिपल ॲक्सेल, तरी ब्राँझ, २३३.१३. नंतर २०२२, २३, २४ सलग तीन वर्ष वर्ल्ड चॅम्पियन. रशियन मुली युक्रेन युद्धानंतरच्या बंदीमुळे नव्हत्या म्हणून जिंकली असं म्हणणारे आहेत, मीही थोडा त्यातलाच. पण तिची साधी डबल ॲक्सेल बघायला सांगा, काय वेग, काय लांबी, उतरल्यावर वेग कमी तर होतच नाही. अवघड म्हणजे फक्त गिरक्या मोजायच्या असं नाही हे मला त्या एका उडीने पटलं.

गोदाकाठ

साकामोतो बघितली. लेकीची प्रतिक्रिया: "ही पडतच नाही, बोअर आहे." मग तीच क्लिप परत लावून बसली आहे.

सरांशी बोलले. ते म्हणाले क्लासमध्ये रोज दहा डबल ॲक्सेल मारू दे, किती उभ्या राहिल्या ते तिनेच वहीत लिहायचं, सात झाल्या की प्रोग्राममध्ये घालू. वैदर्भी, तुमचा सात आणि सरांचा सात जुळला, मी काही सांगितलं नव्हतं हो. लेकीला हे मान्य आहे, पण वहीवर सही मैत्रिणीची घ्यायची म्हणतेय, कारण "ती खोटं लिहू देणार नाही". मैत्रीण तयार आहे असं कळतंय.

आता शेवटचं विचारते. आयोजकांकडून मागच्या स्पर्धेची शीट मिळणार आहे. मूळ गुण, जजेसचे गुण आणि बाण, यातलं आधी काय बघू? आणि मोबाइल नेमका कुठे धरायचा, रिंकच्या कठड्याबाहेरून चालेल का आत जावं लागेल?

बर्फातली वैदर्भी

आधी बाण, मग बाकी सगळं. कठड्याबाहेरूनच, ती जिथून लुट्झला वळते त्या कोपऱ्यात उकिडवं बसून. आत जाऊ नका, त्या पोरी फार जोरात येतात.