मदत हवी आहे: स्कूल डिस्ट्रिक्टच्या शुक्रवारच्या पत्रात टीचर जाणार असल्याचं कुठे कळतं? (न्यू जर्सी)

पावसाळी

न्यू जर्सीतल्या पालकांची, आणि इथल्या पब्लिक स्कूलमध्ये नोकरी करणारं कुणी असेल तर त्यांची मदत हवी आहे.

मुलगा दुसरीत आहे. गेल्या वर्षी नाशिकहून आलो. तो ईएसएलला जातो, म्हणजे रोज एक तास त्या बाई त्याला आणि आणखी चार-पाच मुलांना वर्गातून वेगळं घेऊन इंग्रजी शिकवतात. आला तेव्हा शाळेत तोंडच उघडत नव्हता. बाथरूमला जायचं म्हणूनही सांगायचा नाही. आता बसमधून उतरल्यापासून बडबड सुरू होते ती झोपेपर्यंत. यातलं निम्मं श्रेय तरी त्या बाईंचं आहे असं मी मानते.

परवा शाळा सुटताना एक आई म्हणाली की त्या सप्टेंबरपासून नाहीत. तिला शाळेतल्या मदतनीस बाईंकडून कळलं. मी घरी येऊन सुपरिंटेंडंटची (म्हणजे डिस्ट्रिक्टच्या, इथल्या सगळ्या पब्लिक स्कूल्सच्या, प्रमुखांची) शुक्रवारची सगळी पत्रं उघडून वाचली. स्प्रिंग कॉन्सर्ट, किंडरगार्टनची नोंदणी, जेवणाच्या खात्यात पैसे भरा, टीचर ॲप्रिसिएशन वीकचे फोटो, नव्या व्हाइस प्रिन्सिपलचं स्वागत, निवृत्त होणाऱ्यांना शुभेच्छा, सफाई विभागातल्या एका काकांचं कौतुक (ते वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू). पण निवृत्त न होता कोण चाललंय, याबद्दल अक्षर नाही. प्रिन्सिपलना ईमेल केली तर 'कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आम्ही बोलू शकत नाही' एवढं एका ओळीचं उत्तर आलं.

ही बातमी पालकांना अधिकृतपणे कुठे मिळते? बाईंना काढलंय की त्या स्वतःहून जातायत, हे कळायचा काही मार्ग? आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षी मुलाला ईएसएल मिळणार का? नवरा म्हणतो आपण नवीन आहोत, फार चौकशा करू नकोस. मला ते पटत नाही, पण इथल्या रीती माहीत नाहीत हेही खरं.

एडिसनकर

शुक्रवारच्या पत्रात ते कधीच मिळणार नाही. ते पत्र पालकांनी खूश राहावं म्हणून असतं. खरा कागद म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, बैठकीचा अजेंडा. डिस्ट्रिक्टच्या साइटवर 'बोर्ड' म्हणून विभाग असतो, बरेच जण बोर्डडॉक्स ही बैठकांचे कागद ठेवायची साइट वापरतात. त्यात 'पर्सोनेल' (कर्मचारी) हे शीर्षक शोधा. नेमणुका, राजीनामे, निवृत्त्या, रजा, खेळांच्या कोचिंगचा भत्ता, सगळं तिथे ओळीने असतं. रजेच्या यादीत पुष्कळदा नावाऐवजी एम्प्लॉयी नंबर असतो, त्याने गोंधळू नका.

न्यू जर्सीत १९७५ चा ओपन पब्लिक मीटिंग्ज कायदा आहे. त्याप्रमाणे नेहमीच्या बैठकीची सूचना ४८ तास आधी, जमेल तितक्या अजेंड्यासकट, द्यावी लागते. कायम ऐन वेळी एक पुरवणी यादी जोडतात, तीही उघडा. गंमत बहुधा तिथेच असते.

तिरकस

टीचर बदलतातच हो. मुलं दोन आठवड्यांत विसरतात. आमच्या मुलीच्या चौथीत तीन बदलल्या, काही बिघडलं नाही. उगाच प्रिन्सिपलच्या डोळ्यावर येऊ नका.

फळाखडू

तिरकस, ज्या मुलाने नुकतं बोलायला सुरुवात केली आहे त्याच्यासाठी हे इतकं सोपं नसतं. असो.

पावसाळी, मी इथे दुसऱ्या एका डिस्ट्रिक्टमध्ये शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुम्ही बरोबर मे महिन्यात विचारलंत. न्यू जर्सीत टेन्युअर न मिळालेल्या, म्हणजे कायम न झालेल्या, प्रत्येक टीचरला १५ मेपर्यंत लेखी कळवावं लागतं, पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही. कळवलंच नाही, तर नोकरी चालू राहिली असं कायद्याने धरलं जातं. त्यामुळे कळवायला कुणी विसरत नाही. ॲप्रिसिएशन वीक मेच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात येतो. म्हणजे टीचर्सच्या लाउंजमध्ये बेगल्स आणि आभाराचे फलक, आणि त्याच सुमाराला कुणाच्या तरी हातात ते पत्र. हा योग दर वर्षी जुळून येतो.

२०१२ च्या कायद्यानंतर लागलेल्यांना टेन्युअरसाठी चार वर्षं आणि एक दिवस लागतो, शिवाय मूल्यमापनात चांगला शेरा लागतो. तो टप्पा जवळ येतो तसं 'ठेवायचं की नाही' हे वर ठरतं. एकदा कायम झाल्यावर काढणं अवघड, म्हणून पुष्कळांना तिसऱ्या-चौथ्या वर्षीच नारळ मिळतो.

आता एडिसनकरांच्या उत्तराला एक जोड. तुमच्या बाईंना पुन्हा घेतलं नसेल, तर अजेंड्यात 'अमुक यांना काढले' अशी ओळ सापडणारच नाही. सुपरिंटेंडंटने शिफारस केली नाही की टेन्युअर नसलेली व्यक्ती आपोआप गेली, बोर्डाने मत द्यायची गरज नाही. मे महिन्याच्या अजेंड्यात पुन्हा नेमलेल्यांची लांबलचक यादी जोडलेली असते. त्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही ते पाहा. गेल्या मेची यादी शेजारी ठेवा, मग निवृत्त झालेले, राजीनामा दिलेले आणि दरम्यान कायम झालेले वगळा. उरलेली नावं म्हणजे तुमचं उत्तर.

तीन शक्यता आहेत. एक, त्या कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेवर बदली म्हणून आल्या असतील. तसं असेल तर नेमणुकीच्या ओळीत 'लीव्ह रिप्लेसमेंट' असेल, आणि मूळ बाई परत येत असतील, त्यात कुणाचा दोष नाही. दोन, जागाच रद्द झाली असेल. तसा ठराव बोर्डाला उघड मतदानाने करावा लागतो, म्हणून तो अजेंड्यात दिसतो. तीन, जागा आहे पण बाई नको आहेत.

दोन आणि तीनमधला फरक कळायला एक सोपी खूण. डिस्ट्रिक्टच्या नोकऱ्यांच्या पानावर जा. त्याच शाळेची ईएसएलची जागा भरायची म्हणून जाहिरात आहे का, बघा.

एडिसनकर

फळाखडू, हे नोकऱ्यांच्या पानाचं लक्षात आलं नव्हतं. छान.

पैशांचं थोडं सांगतो, कारण बाकीच्या पालकांनाही हा प्रश्न पडेल. २०१० च्या कायद्याने डिस्ट्रिक्टला मालमत्ता करातून मिळणारी रक्कम, काही अपवाद सोडता, वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आरोग्य विम्याचे हप्ते आणि बसचा खर्च त्याहून जोरात वाढतात. २०१८ च्या कायद्याने अनेक डिस्ट्रिक्टची राज्याची मदत टप्प्याटप्प्याने कमी झाली. कोविडचा केंद्राचा निधी खर्चात धरायची शेवटची मुदत ३० सप्टेंबर २०२४ होती, तोही संपला. त्या पैशातून ज्यांनी वाढीव माणसं घेतली, त्यांची आता कोंडी झाली आहे. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला बजेटची जाहीर सुनावणी होते. शुक्रवारच्या पत्रात तिची एक ओळ असते, कॉन्सर्टच्या फोटोखाली. तिला सहसा पंधरा माणसंही येत नाहीत.

पावसाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघं बसून अजेंडे काढले. हो, नवरापण बसला.

बाई लीव्ह रिप्लेसमेंट नाहीत, पूर्ण जागेवर नेमलेल्या आहेत आणि हे त्यांचं तिसरं वर्ष संपतंय. गेल्या मेच्या यादीत नाव होतं, या वेळी नाही. राजीनाम्यातही नाही. ईएसएलची जागा रद्द केल्याचा ठराव कुठे दिसला नाही. आणि नोकऱ्यांच्या पानावर आमच्याच शाळेची ईएसएलची जाहिरात आहे, एक जुलैपासून. म्हणजे तिसरी शक्यता.

मुलाचा तास बुडणार नाही हे कळून अर्धा जीव भांड्यात पडला. पण आता बाईंसाठी काही करता येईल का? पुढच्या बोर्ड बैठकीत उभं राहून बोलू का?

चकली

मी बोलले आहे एकदा, वेगळ्या विषयावर. बैठकीत लोकांना बोलायला वेळ ठेवणं शाळांच्या बोर्डांना बंधनकारक आहे. आमच्याकडे माणशी तीन मिनिटं देतात, आधी नाव आणि गाव सांगायचं. बोर्डाचे सदस्य मान डोलावतात आणि उत्तर देत नाहीत, ते मनावर घेऊ नका. लिहून न्या. मी न लिहिता गेले आणि निम्मा वेळ 'थँक यू फॉर युअर टाइम' करण्यात गेला. दुभाषा लागणार असेल तर आधी कळवून मागा.

फळाखडू

थांबा. बैठकीत जाण्याआधी बाईंना विचारा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

नोकरी न टिकल्याची गोष्ट त्यांनी कदाचित कुणालाच सांगितली नसेल. त्या आत्ता दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये मुलाखती देत असतील, आणि इथे कुणी त्यांचं नाव घेऊन भाषण केलं की त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर राहतो. तुमचा हेतू चांगला असला तरी त्रास त्यांना. एक साधी ईमेल पाठवा: कानावर आलं, वाईट वाटलं, आमचा उपयोग होणार असेल तर सांगा. चौकशी नको, कारण विचारू नका. आणि ती शाळेच्या पत्त्यावर न पाठवता प्रत्यक्ष भेटीत चिठ्ठी दिलीत तर अधिक बरं, शाळेची ईमेल खासगी नसते.

त्यांच्या हातात काय आहे तेही सांगते. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत त्या लेखी कारणं मागू शकतात, ती डिस्ट्रिक्टला द्यावी लागतात. त्यानंतर त्या बोर्डासमोर आपलं म्हणणं मांडायची संधी मागू शकतात. याला इथे डोनाल्डसन हिअरिंग म्हणतात, १९७४ च्या एका खटल्यावरून. त्यात त्या आपल्या बाजूने बोलायला माणसं आणू शकतात. पालकांचा खरा उपयोग इथे होतो. हे ऐकून बोर्डाला वाटलं, तर सुपरिंटेंडंटच्या शिफारशीशिवायही, पूर्ण सदस्यसंख्येच्या बहुमताने, ते नोकरी देऊ शकतं. नऊ जणांचं बोर्ड असेल तर पाच मतं, हजर कितीही असोत. असं क्वचित होतं, उगाच आशा लावत नाही. पण माझ्या पाहण्यात, ज्या पालकांनी 'टीचर किती छान आहे' यापेक्षा 'माझं मूल सप्टेंबरमध्ये असं होतं, मे महिन्यात असं आहे' हे सांगितलं, त्यांचं बोर्डाने जास्त लक्ष देऊन ऐकलं.

युनियनचा प्रतिनिधी शाळेत असतोच. कायम नसलेल्यांनाही तो मदत करतो. हे त्यांना बहुधा माहीत असेल, पण नव्या टीचर पुष्कळदा संकोचतात.

तिरकस

मुलं विसरतात, हे मागे घेतो. प्रिन्सिपलबद्दलचं मात्र नाही, त्यांच्याशी संबंध जपा. पुढच्या वर्षी मूल कुठल्या वर्गात जाणार हे त्यांच्या हातात असतं.

पावसाळी

तिरकस :) लक्षात ठेवीन.

अपडेट. चिठ्ठी दिली. बाई दोन दिवसांनी शाळा सुटताना माझ्याकडे येऊन म्हणाल्या की कारणं लेखी मागितली आहेत, अजून आलेली नाहीत, आणि बोर्डासमोर जायचं ठरलं तर दोन-तीन पालक असतील तर आवडेल. नाव मात्र आत्ता कुठे घेऊ नका, अशी विनंती केली, म्हणून इथेही शाळा-गाव काही लिहिलं नाही. फळाखडूंचं ऐकलं नसतं तर मी मंगळवारच्या बैठकीत माइकसमोर उभी असते.

ज्या आईकडून हे पहिल्यांदा कळलं, तिलाही सांगितलं आहे. ती तमिळ आहे, तिच्या मुलीचं वाचन या वर्षी दोन पातळ्या वर गेलं, ती बोलायला तयार आहे. मी माझी तीन मिनिटं लिहायला घेतली आहेत. नवरा इंग्रजी तपासतोय आणि सगळे विशेषणं खोडतोय.

मंगळवारी मी बैठकीला जाणार आहेच, पण बाईंबद्दल बोलणार नाही. बजेटवर फक्त एक प्रश्न विचारीन: पुढच्या वर्षी आमच्या शाळेत ईएसएलच्या किती जागा धरल्या आहेत. हा चालेल ना? यात कुणाचं नाव येत नाही.

एडिसनकर

चालेल की. उत्तर तिथल्या तिथे नाही मिळालं तर डिस्ट्रिक्टचा पैशांचा कारभार बघणाऱ्या बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरकडे लेखी मागा. तेवढ्यानेही नाही झालं तर ओप्राचा अर्ज करा, म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखा इथला कायदा. साधारण सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. कर्मचाऱ्याचं पद, पगार, नोकरीचा काळ, सोडल्याची तारीख आणि कारण ही माहिती त्यात उघड धरली जाते, बाकी फाइल नाही. पण बाईंच्या बाबतीत तो अर्ज आत्ता करू नका.

चकली

पावसाळी, बैठकीत मागच्या रांगेत बसू नका, तिथे माइकचा आवाज येत नाही. आणि स्वेटर न्या, एसी भयंकर असतो.

मोगरा७

धाग्यात घुसते, माफ करा. आम्ही मिडलसेक्स काउंटीत जुलैत येतोय, मुलगी पहिलीत जाईल. ईएसएलची चाचणी नोंदणीच्या वेळीच घेतात का, की शाळा सुरू झाल्यावर? फळाखडू, सांगाल का?