बुडालेले बॉम्बफेकी विमान: अभ्यासासाठी ते वर काढायलाच हवे का?

दप्तरखाना (चर्चाप्रस्ताव):
10 जून 2013 रोजी इंग्लंडमधील केंटच्या किनाऱ्यासमोर, गुडविन सँड्स या वाळूच्या दांड्याजवळ, समुद्रतळावरून एक जर्मन डॉर्निअर डीओ 17 विमान बाहेर काढण्यात आले. ‘उडती पेन्सिल’ म्हणून ओळखली जाणारी अशी दोन हजारांहून अधिक विमाने बांधली गेली होती आणि त्यांपैकी बऱ्याच अंशी सलग असे हे एकच आज ठाऊक आहे. त्यामुळे ते बाहेर काढणाऱ्या रॉयल एअर फोर्स म्युझियमचा उत्साह समजण्यासारखा आहे. तरीही माझे मत असे की, या विमानाविषयी जे जाणून घेण्यासारखे होते ते बहुतेक सारे कागदपत्रांतून आधीच हाती आले होते. 26 ऑगस्ट 1940 रोजी बेल्जियममधील सिंट-ट्रुइडन येथून ते निघाले, ढगांच्या वर उडताना आपल्या जथ्यापासून वेगळे पडले, ब्रिटिशांच्या डिफायंट लढाऊ विमानांच्या तडाख्यात सापडले आणि वैमानिकाने ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूवर ते उतरवले. चौघांपैकी दोघे जगले व युद्धकैदी झाले, तर उरलेल्या दोघांचे मृतदेह पुढे किनाऱ्याला लागले. सुमारे सहा लाख पौंड खर्चून यात नेमकी कोणती भर पडली? जलमग्न वारशाविषयीच्या युनेस्कोच्या 2001 च्या करारातही वस्तू जागेवरच जपण्याला पहिली पसंती दिली आहे.

दर्यावर्दी:
करार उद्धृत करताना दोन गोष्टी निसटल्या. ब्रिटनने त्याला मान्यता दिलेली नाही, आणि शंभर वर्षे पाण्याखाली राहिलेल्या अवशेषांनाच तो लागू होतो. म्हणजे या विमानाची पाळी 2040 मध्ये आली असती. तोवर तिथे काय उरले असते? गुडविन सँड्सची वाळू सतत सरकत असते. (याच वाळूवर ओहोटीच्या वेळी हौशी मंडळी क्रिकेट खेळली आहेत, आणि याच वाळूने शेकडो जहाजे गिळली आहेत.) विमान इतकी वर्षे टिकले ते वाळूने त्याला पोटात घेतले म्हणून. 2007 च्या सुमारास मासेमारीचे जाळे अडकले आणि पाणबुडे शोध घेऊ लागले, तेव्हा ते उलटे, सुमारे 15 मीटर खोलीवर उघडे पडलेले होते. उघडे पडले की जाळी, नांगर आणि आठवण म्हणून तुकडे उचलणारे हात, तिन्ही आले. लष्करी अवशेषांच्या रक्षणासाठीच्या ब्रिटनच्या 1986 च्या कायद्याने परवान्यावाचून हात लावायला बंदी आहे खरी, परंतु समुद्रतळावर पहारा कोण देणार?

आणि कागदांविषयी एवढा विश्वास कशासाठी? 15 सप्टेंबर 1940 च्या हवाई लढाईत ब्रिटिशांनी 185 जर्मन विमाने पाडल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात ती साठच्या आसपास होती.

दप्तरखाना:
हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. 185 हा आकडा खोटा ठरला तो समुद्रातून सांगाडे उपसून नव्हे, तर युद्धानंतर जर्मनांच्या स्वतःच्या नुकसानीच्या नोंदी वाचून. एका बाजूचा कागद फुगलेला असतो, दोन बाजूंचे कागद शेजारी ठेवले की फुगवटा उतरतो. आपण शोध म्हणतो तो मुख्यतः हाच.

रसायनी:
मी मूळ मताशी सहमत आहे, मात्र कारण वेगळे आहे. हे विमान ड्युराल्युमिनचे, म्हणजे ॲल्युमिनियम आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे आहे. खाऱ्या पाण्यात त्याला बारीक खड्डे पडतात आणि त्यांत क्लोराइड साचते. अशी वस्तू हवेत आणून नुसती सुकू दिली, तर ती डोळ्यांदेखत भुकटी होऊ लागते. म्हणूनच म्युझियमच्या कॉसफर्ड येथील जागेत हे विमान बोगद्यासारख्या तंबूंत ठेवून त्याच्यावर सौम्य सिट्रिक आम्लाचे फवारे मारत राहावे लागले, आणि हे काम वर्षानुवर्षे चालले. शिवाय विमानाभोवती आधाराची चौकट उभारून ते उचलण्याचा मूळ बेत हवामानामुळे सोडावा लागला आणि दोर बांधून ते थेट ओढून घ्यावे लागले. अभ्यासाची वस्तू हवामानाच्या घाईत हलवावी लागते, हे मला खटकते.

दर्यावर्दी:
घाई झाली, हे मान्य. पण त्या 26 ऑगस्टला या विमानाच्याच दलाने, म्हणजे केजी 3 या जर्मन बॉम्बफेकी दलाने, एकाहून अधिक डॉर्निअर विमाने गमावली होती. वाळूवरचा सांगाडा त्यांपैकी कोणता, हे कोणत्या नोंदवहीत लिहिलेले आहे?

दप्तरखाना:
कुठेही नाही, आणि इथे मला माघार घ्यावी लागते. कागद यादी आखडून आणतात, शेवटचे बोट मात्र धातूवरच ठेवावे लागते. पण ते बोट पाणबुड्याचे, कॅमेऱ्याचे आणि ध्वनिलहरींनी केलेल्या मोजणीचे असू शकते, त्यासाठी क्रेन लागतेच असे नाही. आणखी एक मुद्दा असा की, मानवी अवशेष असण्याचा संभव असेल तिथे ब्रिटिश संरक्षण खाते सहसा उत्खननाचा परवाना देत नाही. इथे चौघांचाही हिशेब लागलेला होता म्हणून वाट मोकळी झाली. ज्या विमानांतले लोक कधीच किनाऱ्याला लागले नाहीत, त्यांचा अभ्यास तुमच्या पद्धतीने कसा करायचा, ते सांगा.