कॉपीराइट विधेयकाला विरोध : ई-मेलचा भडिमार की कलमवार निवेदन?

कलमदान (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटी (उद्योग आणि अंतर्गत व्यापार) विभागाने एआय आणि कॉपीराइट यांवर कार्यपत्र काढलं. त्यातला प्रस्ताव थोडक्यात असा : कायदेशीर मार्गाने मिळालेलं साहित्य एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरायला सक्तीचा सरसकट परवाना, बदल्यात मोबदला. 'माझं लेखन वापरू नका' म्हणायची मुभा मात्र नाही. मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यापासून कादंबरीकारापर्यंत सगळे यात येतात.

अशा कार्यपत्रातून विधेयक आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : हा मजकूर कॉपी करा, मंत्र्यांना पाठवा, दहा जणांना पुढे ढकला. माझ्या मते चळवळीत नव्याने उतरणाऱ्याने नेमकं हेच करू नये. आधी मसुदा वाचावा. दुरुस्ती विधेयक नुसतं वाचून काही कळत नाही, कारण त्यात 'कलम ५२, पोटकलम (१) मध्ये अमुक खंडानंतर पुढील मजकूर घालावा' एवढंच असतं. इंडिया कोड या सरकारी कायद्यांच्या संकेतस्थळावरून १९५७ चा मूळ कॉपीराइट कायदा उतरवून घ्या आणि तीन रकाने पाडा : आजचा शब्द, प्रस्तावित शब्द, आपल्याला हवा तो शब्द. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तुमच्याकडे तक्रार आहे, मागणी नाही. कारण पाच ओळींत बसवा. खासदाराला एकच पान द्या, जोडपत्रं वेगळी ठेवा.

हे चालतं याचा पुरावा घरचाच आहे. एप्रिल २०१० मध्ये राज्यसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात अपंगांसाठी सवलत होती, पण फक्त ब्रेल, खुणांची भाषा अशा 'विशेष स्वरूपां'साठी. बाकी स्वरूपांसाठी संस्थेने कॉपीराइट मंडळाकडे जाऊन सक्तीचा परवाना मागायचा. आता, बहुतेक दृष्टिहीन वाचक ब्रेल वाचत नाहीत. त्यांना स्क्रीन रीडरला (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) चालेल अशी साधी मजकूर-फाइल, ध्वनिमुद्रण किंवा मोठा टाइप लागतो. डिस्लेक्सिया असलेल्याला किंवा हाताने पान उलटता न येणाऱ्याला ब्रेलचा काय उपयोग? छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी काम करणारं डेझी फोरम ऑफ इंडिया, वकील राहुल चेरियन वगैरे मंडळींनी विधेयक पाडा असं म्हटलं नाही. 'विशेष'च्या जागी 'सुगम्य' स्वरूप आणा आणि संस्थेबरोबर व्यक्तीलाही मुभा द्या, एवढ्यावर ते अडून बसले. विधेयक तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीपुढे तोच मुद्दा, मंत्रालयातही तोच. मे २०१२ मध्ये मंजूर झालेलं कलम ५२(१)(झेडबी) वाचा : कोणतंही सुगम्य स्वरूप, कोणतीही व्यक्ती. संस्थांना अट फक्त ना-नफ्याची आणि प्रती बाजारात जाऊ न देण्याची.

ठिणगी

उदाहरण छान निवडलंत, पण त्याच विधेयकातलं दुसरं झाकून ठेवलंत. कलम २(एम) ला जोडलेलं परंतुक आठवतंय? लेखकाच्या परवानगीने परदेशात छापलेली प्रत भारतात आणली तर ती बेकायदा धरायची नाही, असा त्याचा अर्थ. विद्यार्थ्यांना आणि ग्रंथालयांना स्वस्त आवृत्त्या मिळाल्या असत्या. स्थायी समितीने ते ठेवा अशी शिफारस केली होती. प्रकाशकांनी आरडाओरड केली आणि परंतुक गळालं. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हे तुमच्या तीन रकान्यांत कुठे बसतं? प्रकाशक मूठभर पण संघटित होते, वाचक लाखोंनी आणि विखुरलेले. कागद दोन्ही बाजूंचे होते, रेटा एकाच बाजूचा होता.

अमेरिकेत इंटरनेटवरची चाचेगिरी रोखण्याच्या नावाखाली आलेली सोपा आणि पिपा ही विधेयकं कुणी पाडली? १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळा पडला. वाचकाने पिनकोड टाकला की त्याच्या लोकप्रतिनिधीचा पत्ता समोर यायचा. ऐंशी लाख लोकांनी तो शोधला. गूगलच्या अर्जावर सत्तर लाख सह्या पडल्या. दोन दिवसांत सिनेटने २४ तारखेचं मतदान पुढे ढकललं, ते आजतागायत झालेलं नाही.

वायरमन

ठिणगी, तारखा नीट लावा. सोपातली सर्वांत घातक तरतूद होती डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा, अडवण्याची. चाचेगिरीचा आरोप असलेल्या परदेशी साइटचं नाव विचारलं तर सेवा पुरवठादाराने खरा पत्ता द्यायचाच नाही. पण त्याच सुमारास डीएनएससेक रुजत होतं. त्यात प्रत्येक उत्तरावर डिजिटल सही असते. कायद्याने सांगितलं म्हणून दिलेलं खोटं उत्तर आणि चोराने दिलेलं खोटं उत्तर, दोन्हींची सही सारखीच नापास होते. म्हणजे सुरक्षेसाठी बांधलेली यंत्रणा कायदाच मोडून टाकणार. पिपामध्येही हीच तरतूद होती, आणि पाच अभियंत्यांनी मे २०११ मध्येच हे सगळं टिपणात मांडलं होतं.

पिपाचे प्रायोजक लेही या तरतुदीवरून १२ जानेवारीला मागे सरले, सोपाचे लामार स्मिथ १३ तारखेला. ब्लॅकआउट १८ ला झाला. म्हणजे कलम पडलं ते कागदाने, गर्दी रस्त्यावर यायच्या आधी.

ठिणगी

कलम पडलं, कबूल. विधेयक उभंच होतं ना? पैशांची देवघेव हाताळणाऱ्या कंपन्यांनी आणि जाहिरातदारांनी साइटशी संबंध तोडायचे, ही तरतूद जशीच्या तशी होती. १८ तारीख नसती तर डीएनएस वगळून ते पुढे सरकलं असतं आणि तुम्ही अभियंते 'आपण जिंकलो' म्हणत बसला असता.

मुद्रितशोधक

दोघांचंही गृहीत एकच : विधेयक आलं की विरोध. मला तेच मान्य नाही. २०१२ च्याच दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या कवी-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला जो निर्माता करारात लिहून घेऊ शकत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडत होते. 'विधेयक हाणून पाडा'वाले तेव्हा जिंकले असते तर गीतकार गेला असता आणि कलमदान यांचे दृष्टिहीन वाचकही.

आणि गूगलने गोळा केलेल्या सह्यांना जनआंदोलन म्हणताना थोडं जपून. एआयच्या बाबतीत तर कंपन्यांना परवानाच नको आहे, फुकटची सवलत हवी आहे. कार्यपत्राच्या समितीत नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेने वेगळं मत नोंदवलं ते त्यासाठीच. लेखक नुसतं 'कार्यपत्र रद्द करा' म्हणाला तर तो आयता त्यांच्या दिंडीत सामील होतो. मोबदल्याला हो आणि सक्तीला नाही, असं दोन तुकड्यांत म्हणता येत असेल तर म्हणा.

कलमदान

मुद्रितशोधक, हे शंभर टक्के मान्य. म्हणूनच कलमवार.

गर्दी कशी अंगाशी येते ते युरोपात पाहा. तिथल्या कॉपीराइट निर्देशातल्या अनुच्छेद १३ मुळे (पुढे क्रमांक १७ झाला) मोठ्या साइट्सना अपलोड होणारा मजकूर आधीच गाळावा लागेल, असा आक्षेप होता. ५ जुलै २०१८ ला युरोपीय संसदेने ३१८ विरुद्ध २७८ मतांनी घाईचा मार्ग अडवला. तिथवर रेटा कामी आला. पण खासदारांच्या पेटीत एकाच साच्याची पत्रं येत राहिली आणि समर्थकांना आयतं बोलायला मिळालं : ही माणसं नाहीत, यंत्रं आहेत. मार्च २०१९ मध्ये जर्मनीत लोक 'आम्ही बॉट नाही' असे फलक घेऊन रस्त्यावर आले. मुद्दा सोडून स्वतःचं माणूसपण सिद्ध करत फिरायची वेळ आली.

शेवटचा घाव कार्यपद्धतीने घातला. २६ मार्चला आधी मतदान झालं ते दुरुस्त्या विचारात घ्यायच्या की नाही यावर. ३१२ विरुद्ध ३१७, पाच मतांनी नाही. अनुच्छेदावर वेगळं मत कधी पडलंच नाही. नंतर १० सदस्यांनी नोंद केली की आम्हाला 'हो' म्हणायचं होतं, आणि दोघांनी उलट. निकाल काही बदलला नाही. लाखो पत्रं अनुच्छेदाबद्दल होती, मतदानाच्या क्रमाबद्दल कितीशी असतील?

ठिणगी

क्रमाचा मुद्दा घेतला. पण यावर उपाय गर्दी सोडणं नाही, गर्दीला काम देणं हा आहे.

साचा फक्त मुद्द्यांचा द्या, वाक्यं ज्याची त्याने लिहावी. पहिल्या ओळीत मतदारसंघ आणि गाव लिहा. परक्या मतदारसंघातलं पत्र कार्यालयात कोणी उघडूनही बघत नाही. महाराष्ट्रातून लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ खासदार, गोव्यातून २ आणि १. सगळ्यांना एकच पत्र पाठवण्यापेक्षा संबंधित स्थायी समितीवर यांच्यापैकी कोण आहे ते आधी पाहा. समितीत ३१ जण असतात, खरं काम तिथे होतं. अधिवेशन चालू असेल तर शनिवार-रविवारी मतदारसंघातल्या कार्यालयात जा आणि स्वीय सहायकाकडे ते एक पान देऊन पोच घ्या. लोकसभेत दुरुस्तीची सूचना विधेयक चर्चेला येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत द्यावी लागते, त्यामुळे मतदानाच्या सकाळी केलेल्या फोनचा उपयोग शून्य.

मुद्रितशोधक

पत्ता बरोबर घालायला सांगा म्हणजे झालं. कॉपीराइट २०१६ पासून शिक्षण खात्याकडे नाही. तो आज डीपीआयआयटीकडे, म्हणजे वाणिज्य मंत्रालयात आहे, आणि स्थायी समितीही वाणिज्याची. २०१० च्या मोहिमेतली जुनी पत्रं पाहून पत्ता उचललात तर पत्र दिल्लीत नुसतं फिरत राहील.

वायरमन

ई-मेल पाठवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. एप्रिल २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखी वागणूक) आलेली दहा लाखांहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकली होती. मोहिमेसाठी वेगळा पत्ता काढा आणि घरचा फोन नंबर सहीखाली देऊ नका. त्याच ट्रायने पुढे फ्री बेसिक्सच्या (फेसबुकच्या निवडक साइट्स फुकट देणाऱ्या योजनेच्या) बाजूने आलेल्या साचेबंद पत्रांबद्दल सुनावलं, की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीत. संख्या तिथेही लाखांतच होती.

ठिणगी

मग समितीला पाठवलेलं निवेदन निदान ब्लॉगवर टाकूया. लोकांना नमुना मिळेल.

कलमदान

ते मात्र करू नका. समितीला दिलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. समिती सूचना मागवते त्या जाहिरातीतच तसं लिहिलेलं असतं. ते परस्पर प्रसिद्ध केलं तर विशेषाधिकार भंगाचं लचांड मागे लागू शकतं. मंत्रालयाच्या सल्लामसलतीला पाठवलेल्या सूचना मात्र खुशाल छापा. म्हणून जे जगाला दाखवायचं ते सगळं मंत्रालयाच्या टप्प्यावरच लिहून घ्यावं. २०१४ च्या धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे असायला हवा, त्या मुदतीत.

समितीची मुदत साधारण १५ दिवसांची असते, प्रती दोन, आणि भाषा इंग्रजी किंवा हिंदी. मराठी मसुदा आपल्या लोकांत फिरवण्यापुरता, भाषांतराचे चार दिवस त्यातूनच काढायचे. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं निवेदनातच लिहा, नंतर कोणी विचारत नाही.

मुद्रितशोधक

आणि समोरच्यांनी मंत्रालयाला काय लिहिलं ते हवं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, ३० दिवस. मंत्रिमंडळापुढे गेलेली टिपणं निर्णय होईपर्यंत मिळत नाहीत, म्हणून अर्जात फक्त 'प्राप्त सूचनांच्या प्रती' मागा. मी तरी हा अर्ज एआय कंपन्यांनी पाठवलेल्या सूचनांसाठीच टाकायला सांगेन.