वय ४१, आरसी विमान शिकायचंय, सोलापुरात सुरुवात कुठनं करू?

नवखा_जुळेसोलापूर:
नमस्कार मंडळी. वय ४१, एमआयडीसीत नोकरी, आजपर्यंत पतंग सोडून काही उडवलं नाही. २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून पोरगं गच्चीवर चढून बघत बसतंय आणि खरं सांगायचं तर पोरापेक्षा मीच जास्त बघतो, तर आता रिमोटचं विमान शिकायचं डोक्यात बसलंय. ऑनलाइन एक फायटर जेटसारखं दिसणारं बघून ठेवलंय, भारी दिसतंय, १२ हजारापर्यंत बजेट आहे. घेऊ का? आणि उडवायचं कुठं, होम मैदान का नान्नजचा माळ? बायको म्हणते शोकेसमध्ये ठेवायला आणखी एक आणा.

उंचपंखी:
जेट घेऊ नका. दिसायला भारी असतं पण पंख लहान, म्हणून हवेत टिकायला सतत वेग लागतो, आणि वेग म्हणजे विचार करायला वेळच नाही. पंख वरच्या बाजूला बसवलेलं, टोकं जरा वर उचललेली, फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान घ्या. हात सोडला तरी ते बऱ्यापैकी स्वतःच सरळ होतं. थर्माकोलपेक्षा ईपीपी फोमचं बघा, आपटलं तर लवतं, तुटलं तरी ग्लूगननं चिकटतं. (थर्माकोलला फेविक्विक लावू नका, विरघळतं, मी एक शेपूट असंच घालवलंय.)

पैसा घालायचा तर रिमोटवर घाला कारण विमानं येतील जातील, रिमोट राहतो. फ्लायस्काय कंपनीचा सहा चॅनेलवाला (म्हणजे सहा गोष्टी वेगवेगळ्या चालवता येतात) मला विमानात बसवायच्या रिसीव्हरसकट साडेपाच हजाराच्या आसपास पडला, चार विमानं मोडली तरी तोच चालूय. आपल्याकडं बहुतेक जण मोड २ वापरतात, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग कमीजास्त करायची स्टिक) डाव्या हाताला, तोच घ्या म्हणजे शिकवणाऱ्यालाही सोपं. आणि विमान यायच्या आधी महिनाभर सिम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर उडवायचा सराव, त्यातलं पिकासिम फुकट आहे.

ज्वारीतला_पायलट:
सिम्युलेटरचं मनावर घ्या राव. मी घेतलं नव्हतं. पहिल्याच दिवशी विमान लांब गेलं, वळवलं, आता ते माझ्याकडं तोंड करून येलालंय आणि मी उजवीकडं दाबलो तर ते माझ्या डावीकडं पडलालंय, अजून जोरात दाबलो, गेलं थेट उभ्या ज्वारीत. दोन तास शोधलो बे. ताटं डोक्याच्या वर, आत शिरलं की दिशाच कळत नाही. शेवटी माळ्यावर पाखरं राखायला बसलेली आजी वरनं ओरडली, "ए बाबा, तुझी घार तिकडं बांधाकडं पडलीय." पंख सापडला, शेपूट सापडलं, पुढचा फिरता पंखा अजून तिथंच असेल. वर शेतमालकाच्या शिव्या, ताटं मोडली म्हणून, आणि त्याचं बरोबरच होतं.

नंतर एकानं युक्ती सांगितली ती लिहून ठेवा: विमान आपल्याकडं येत असताना आपल्याला जो पंख खाली झुकलेला दिसतो, त्या बाजूला स्टिक न्यायची, झुकलेल्या पंखाला टेकू दिल्यासारखं. डावं उजवं डोक्यात आणायचंच नाही.

उंचपंखी:
😂 आपल्याकडची गंमतच ती, थंडीत सकाळी वारा पडलेला असतो तेव्हाच रब्बीची ज्वारी उभी. काढणी झाली की रान मोकळं, मग सकाळी सात ते साडेआठ, त्यानंतर ऊन तापलं की हवा उसळते. उतरवायचं नेहमी वाऱ्याच्या तोंडाला.

माळरानी:
जागेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानालाही लागू आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवायचं नाही, ८ ते १२ किमीत २०० फुटांपर्यंत, त्यापुढं हिरव्या झोनमध्ये, म्हणजे परवानगी लागत नाही तिथं, ४०० फुटांपर्यंत. म्हणजे जुळे सोलापूर, होम मैदान सगळं बाद. डिजिटल स्काय या सरकारी साइटवर नकाशा आहे, जायच्या आधी आपली जागा त्यात बघाच.

आणि नान्नजचं नावच काढू नका. ते माळढोकचं अभयारण्य आहे, पक्षी आधीच संपत आलाय, त्याच्या डोक्यावर आपली घरघर कशाला? ओळखीतल्या कुणाचं कापणी झालेलं रान बघा, विचारून जा.

उंचपंखी:
बॅटरीचं राहिलं. ३ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) येते, पूर्ण चार्ज १२.६ व्होल्ट. पार निचरा होईपर्यंत उडवायचं नाही, मी सहा मिनिटांचा टायमर लावतो. उडवणं झालं की ११.४ च्या आसपास ठेवायची, भरून महिनाभर ठेवली की फुगते. फुगलेली वापरायची नाही, जीव अडकला तरी. मे महिन्यात गाडीत विसरायची नाही. चार्जिंग फरशीवर, समोर बसून, गादीवर किंवा चादरीवर नाही, चादर सोलापूरची असली तरी.

आधी रिमोट चालू, थ्रॉटल खाली, मगच विमानाला बॅटरी. बंद करताना उलटं. दहा इंची पंखा बोट सोडत नाही. विमान हातानं फेकून उडवायच्या आधी प्रत्येक वेळी स्टिक उजवीकडं करून बघा, उजव्या पंखाची मागची हलणारी पट्टी वर गेली पाहिजे. खाली गेली तर घरी जा.

नवखा_जुळेसोलापूर:
धन्यवाद सगळ्यांना. जेट कॅन्सल. पिकासिम टाकलं, तीन दिवसांत ४६ वेळा आपटलो, पोरगं वहीत रेघा मारून मोजतंय. टेकूवाली युक्ती काल पहिल्यांदा जमली. मेव्हण्याचं रान मोहोळकडं आहे, नकाशात बघितलं, हिरवं दिसतंय, पण त्याची ज्वारी अजून उभी आहे.

ज्वारीतला_पायलट:
मग काढणीला मदतीला जावा की. रान पण मोकळं होईल आणि मेव्हणा पण खूश. माझा पंखा सापडला तर सांगा, नाही म्हणजे ते रान मोहोळकडंच होतं 🙏