गोव्यात नव्याने रुळताना: तुमचे रोजचे आनंद सांगा

मंडळी, गोव्याबद्दल जे काही लिहिलं जातं ते बहुतेक चार दिवसांसाठी येणाऱ्यांकरता असतं. नोकरीमुळे, लग्न होऊन किंवा निवृत्तीनंतर जे इथे राहायलाच येतात त्यांचा गोवा वेगळा, आणि त्याबद्दल मराठीत वाचायला फारसं मिळत नाही. म्हणून हा धागा. कुठून आलात, कुठे राहता, इथली कोणती साधी गोष्ट आपली वाटायला लागली, सुट्टीला कुठे जाता, सगळं लिहा. गावाचं नाव नक्की द्या, म्हणजे बाकीच्यांनाही जाता येईल. घरभाडं आणि टॅक्सी हे विषय इथे नकोत, त्यावर भरपूर बोलून झालंय.

सुरुवात मी करते. मी सोलापूरची, यांच्या बदलीमुळे रायबंदरला आले. रविवारी सकाळी आम्ही फेरीबोटीने चोडणला जातो. उतरल्यावर जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं, पण सगळं खारफुटीचं. ओहोटीची वेळ बघून जा. चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवटे दिसतात. बोटाएवढा मासा, डोळे पार डोक्यावर, पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून सरकतो आणि मध्येच टुणकन उडी मारतो. दुसरा निवटा जवळ आला की पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडून त्याला दटावतो. मुलगा तिथून हलायला तयार होत नाही. खरं सांगायचं तर मीही होत नाही.

तिथून पुढे खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे बांध लागतात. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती चढली की पाण्याच्याच रेट्याने दारं मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडतं, तेव्हा तिथे जाळं लावून मासे, सुंगटं (कोळंबी) धरतात. मी नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत वाढले. दिवसातून दोनदा न चुकता येणाऱ्या पाण्याला अडवायला शतकानुशतकं खपलेली माणसं मी पहिल्यांदा इथे पाहिली. बांधावरून चालताना मला फार बरं वाटतं.

मूळ कोल्हापूर, सध्या फोंडा

माझी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची आरास. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला (इथे गणेशचतुर्थीला चवथच म्हणतात) सासूबाई मला बाजारात घेऊन गेल्या. मला वाटलं फुलं, दुर्वा, केळी घेऊन परत येऊ. तर फोंड्याचा अख्खा बाजार रानाने भरलेला. डोंगरातून बायका फळं घेऊन आलेल्या आणि त्यातलं निम्मं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कांगलांचे केशरी घोस, वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या, कवंडळं, आंबाडे, तोरिंगं. सासूबाई एकेक हातात देत होत्या, वास घ्यायला लावत होत्या. "हें आमच्या कुळागरांत मेळटालें" (हे आमच्या नारळी-पोफळीच्या बागेत मिळायचं), असं प्रत्येकाबद्दल सांगत होत्या.

घरी गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगलेली असते. तिला हे सगळं बांधायचं. नारळाचा घड आणि सुपारीचा कात्रा (घोस) जड, म्हणून ते आधी, दिरांनी शिडीवर चढून. मग चिबूड, तोरिंगं, आणि हलकं सामान कडेकडेने. गाठ केळीच्या सोपाच्या दोरीची. ती ओली असतानाच आवळायची, वाळल्यावर तुटते. आता कांगलांची बाजू माझ्याकडे असते.

संध्याकाळी वाड्यातली मुलं घुमट घेऊन आरतीला येतात. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. डाव्या हाताने ते उघडं तोंड झाकत-उघडत आवाज कमीजास्त करतात. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचं वापरतात. 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. कोल्हापुरात ढोल-ताशात वाढलेली मी, पण बंद खोलीत सहा घुमटं, शामेळ (छोटा ढोल) आणि कांसाळं (झांजा) एकदम सुरू झाली की अंगावर काटा येतो. फोंड्यात नवीन असाल तर चवथीच्या आदल्या दोन दिवसांत बाजारात जाच. काही घ्यायचं नसलं तरी जा.

मूळ नाशिक, सध्या मडगाव

वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषध कंपनीत आहे. शिफ्ट ड्युटी, एकटाच राहतो. माझा आनंद म्हणजे पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलवर टोपली, भोंगा पों पों, पहाटे आणि पुन्हा संध्याकाळी. पोय (कोंड्याची, आत पोकळ), उंडे, कातरे पाव, आणि चहात बुडवायला काकणं. पोय गरम हवी असेल तर भोंगा ऐकून लगेच खाली उतरायचं. आमचा पोदेर मला रात्रपाळी असली की दारावरच्या पिशवीत ठेवून जातो, पैसे महिन्याला.

सकाळच्या नाश्त्याला भाजीपाव. मिक्स, म्हणजे पातळ भाजीत सुकी भाजी, सोबत मिरची भजी नाहीतर गोड बन. रात्री गाड्यावर रोस ऑम्लेट. ऑम्लेटवर कोंबडीच्या शाकुतीचा (नारळाच्या मसालेदार कालवणाचा) गरम रस, वरून बारीक कांदा, लिंबू, पाव. गाड्यावर उभ्या उभ्या चार माणसांशी बोलणं होतं, तेवढंच बोलणं दिवसभरात होतं कधीकधी. माझं कोकणी तिथेच सुरू झालं.

मूळ पुणे, सध्या पर्वरी

आम्ही दोघं निवृत्त, मुलगा इथे स्थायिक झाला म्हणून आलो. पुण्याची व्याख्यानं, नाटकं सुटणार याचं मनात फार होतं. तर आधी वाचनालयाचं सांगतो. पणजीत पाटो भागात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. स्थापना 1832 ची, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी. इमारत नवी आणि मोठी, मराठी विभाग भरलेला. मी सकाळी पेपर वाचायला बसतो आणि दुपारच्या जेवणालाच उठतो. हिला गोव्याच्या इतिहासाचा नाद लागलाय.

पण मला लिहायचंय ते जत्रेच्या नाटकाबद्दल. डिचोलीकडच्या एका गावात शेजाऱ्यांनी नेलं. देवळात पालखी झाली, खाजं (जत्रेतला गुळाचा खाऊ) घेतलं, चहा झाला, आणि रात्री मांडवात नाटक उभं राहिलं. संगीत नाटक, मराठी, पूर्ण अंकांचं. कलाकार कोण? विजेचं काम करणारा, शाळेतला शिक्षक, खाणीवर ट्रक चालवणारा. ही माणसं घरीदारी कोकणी बोलतात आणि रंगमंचावर शुद्ध, ठसठशीत मराठी. पदाला 'वन्समोअर' मिळाला तेव्हा म्हाताऱ्या बायकाही टाळ्या वाजवत होत्या. शेजारी म्हणाले, आमच्या गावात वर्षाला नाटक होतंच, आजोबांच्या वेळेपासून. आणि हे एका गावाचं नाही. जत्रांचा मोसम सुरू झाला की गोव्यात गावोगावी हेच चालतं. जोडीला काला असतो, दशावतारी.

मराठी रंगभूमीला प्रेक्षक उरला नाही असं पुण्यात बसून म्हणणाऱ्यांना मी आता इथे यायला सांगतो. तिकीट नाही, निमंत्रण लागत नाही. घरून शाल आणि बसायला चटई न्या. रात्र मोठी असते.

मूळ लातूर, सध्या बांबोळी

नर्स आहे. सुट्टी आठवड्यात कुठल्याही वारी येते, त्यामुळे सोबत कुणी नसतं. मी मिरामारला जाते, पावसाळ्यात. समुद्र खवळलेला, किनाऱ्यावर मोजकी माणसं, सुरूच्या झाडांखाली कणीसवाला. पाण्यात उतरायचं नाही, जीवरक्षक शिट्ट्या मारतात ते बरोबरच आहे. नुसतं बसायचं. वॉर्डातला आवाज डोक्यातून जातो.

मूळ सावंतवाडी, सध्या म्हापसा

आम्ही तसे शेजारीच, बांद्याच्या पलीकडचे. मालवणी बोललो तरी इथे चालतं, त्यामुळे मी नवीन आहे असं मला वाटलंच नव्हतं. पण म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मला नव्याने शिकावा लागला. मेच्या शेवटी जा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. खारवलेले बांगडे, सुकी सुंगटं, सोलं, चिंच, हरमलची मिरची, आणि गावठी कांद्यांच्या वेण्या. वेणी उचलून हलवून बघायची, कांदा आत सुटा वाजला तर घ्यायची नाही, असं मला तिथल्याच एका आजीने शिकवलं. दक्षिणेत मडगावला तर याच सुमारास पुरुमेंताचं फेस्त भरतं.

एप्रिलमध्ये मांकुराद आंबा. हापूसचा अभिमान मलाही आहे, पण मांकुराद खाल्ल्यावर मी वाद घालणं सोडलं. सुरुवातीला भाव चढा असतो, मेपर्यंत थांबा.

जुलैत भर पावसात सुक्या सुंगटांची किसमूर (ओलं खोबरं घातलेली कोशिंबीर), उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. यापुढे मला काही सुचत नाही.

मूळ यवतमाळ, सध्या सांगे

शाळेत शिक्षक आहे. सांगे म्हटलं की पणजीची माणसं विचारतात, तिथे काय आहे? कुर्डी आहे.

साळावली धरणात गेलेलं गाव. पावसाळ्यात, हिवाळ्यात ते पाण्याखाली असतं आणि एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरलं की वर येतं. घरांची जोती, विहिरींचे कठडे, वठलेली झाडं, तडकलेली जमीन. वाडे, वाळकिणी इथे वसवलेले कुर्डीकर मे महिन्यात आपल्या गावी परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) प्रार्थना करतात. एक बाई आपल्या सुनेला हाताने दाखवत होत्या: इथे चूल, इथे न्हाणी, इथे तुळस. सून त्या ओळींवरून पाऊल न ठेवता चालत होती.

गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. आमच्या घरी वडील त्यांच्या लेकीच्या, किशोरीताई आमोणकरांच्या रेकॉर्डी लावायचे. त्यांच्या आईचं गाव मी असं पाहीन हे कधी मनात आलं नव्हतं. कदंबकालीन महादेवाचं देऊळ मात्र पाण्यात गेलं नाही. त्याचा दगड न् दगड सोडवून ते धरणाजवळ पुन्हा उभं केलंय, तेही बघा. पहाटे निघा, सावली कुठेच नाही. आणि कुणाच्या जोत्यावर चढून फोटो काढू नका.

मूळ ठाणे, सध्या शिवोली

थोडक्यात. 24 जूनला सांव जांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. मुलं डोक्यावर पानाफुलांची कोपेलां घालून विहिरीत उड्या मारतात, सजवलेल्या होड्या निघतात. शेजारच्या आंटीने माझ्या मुलीसाठी कोपेल करून पाठवलं आणि बरोबर हळदीच्या पानातल्या पातोळ्या. नागपंचमीला मी केल्या आणि त्यांच्याकडे दिल्या. आता हे ठरूनच गेलंय.

मूळ गोव्याचाच, माशेल

मी नवा नाही, पण सगळं वाचून राहवलं नाही. पुण्याच्या काकांनी नाटकाबद्दल लिहिलं त्याबद्दल देव बरें करूं. आमच्याच मुलांना हे कुणीतरी बाहेरच्याने सांगावं लागतं. फोंड्याच्या ताई, पावसाळ्यात म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा असते, नक्की जा. सगळं देऊळ जाईच्या फुलांनी भरतं, आणि तुमच्यापासून लांबही नाही.

सगळ्यांसाठी दोन गोष्टी. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भट्टीवर जाऊन नीरो प्या. बोंडं मळल्यावर उरलेल्या लगद्याला दाब देऊन निथळणारा रस, गोड, किंचित तुरट. सकाळचा सकाळीच प्यायचा, कारण दुपारपर्यंत आंबायला लागतो. त्यामुळे तो दुकानात नीट मिळत नाही, भट्टीवरच जावं लागतं.

दुसरी, आमच्या माशेलचा चिखलकाला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात. अंगाला तेल लावून गडी उतरतात, भजन झाल्यावर चिखलात खेळ सुरू. लहान मुलांना जरूर आणा, त्यांना कुणी अडवत नाही. बघायला आलेल्यांवरही चिखल उडतो, तेव्हा कपडे जुने घाला, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि गाडीच्या सीटवर टाकायला एक जुनी चादर आणा. लातूरच्या ताई, एकट्या असाल तरी या, आमच्या घरच्या बायका तिथेच असतात.